वळणावरच्या आर्डिसबाई

आमच्या ऑस्बी गावात चर्चचा रस्ता सरळ उतरला असता, तर आर्डिसबाई नीगार्ड यांचं नाव शेजारच्या चार घरांपलीकडे गेलं नसतं. पण तो सरळ उतरत नाही. ल्यूथरन चर्चच्या दारातून निघतो, शाळेपर्यंत शहाण्यासारखा येतो आणि मग काहीतरी विसरल्यासारखा एकदम डावीकडे वळून खाली धान्याच्या गिरणीकडे जातो. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे ज्याला वळता येत नाही तो जिथे सरळ जाऊन पोचतो तिथे, हिरव्या खिडक्यांचं एक पांढरं घर आहे. ते आर्डिसबाईंचं. मी समोर राहते, आतल्या अंगाला. माझ्या अंगणात आजवर फक्त एक हेल्मेट घरंगळत आलं, तेही रिकामं.

जूनमध्ये दूधमेळ्याच्या शनिवारी या उतारावर पोरांची कोस्टर गाड्यांची शर्यत असते. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासूनची. इंजिन नाही, पेडल नाही. एक लाकडी खोकं, बाबागाडीची नाहीतर जुन्या हातगाडीची चाकं, पुढच्या आसाला बांधलेली दोरी आणि पायाखाली ब्रेक म्हणून एक फळी. बाकी सगळं उताराचं काम. वरून दोन-दोन गाड्या सोडतात, हरलेला घरी जातो, जिंकलेला पुन्हा वर येतो. आमच्याकडे कुणाच्याही घरी जा, दिवाणखान्यात लग्नाचा फोटो असेल-नसेल, कोस्टरमध्ये बसलेल्या दातपडक्या पोराचा फोटो असणारच.

आर्डिसबाई आणि त्यांचा नवरा व्हर्लिन गावात आले ते शेत विकून. व्हर्लिनचे गुडघे गेले होते, आणि गुडघे गेलेल्या माणसाने गाई दोहायच्या कशा? त्या दोघांनी वळणावरचं घर पाहिलं, पुढची मोकळी जागा पाहिली, आणि आर्डिसबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की इथे आपली पिओनीची रोपं लावायची. त्यांच्या आईच्या शेतावरून, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली होती. वाडग्याएवढी गुलाबी फुलं, ऐन जूनमध्ये फुलणारी. घर विकणाऱ्याने रस्त्याबद्दल बरंच काही सांगितलं; बर्फ लवकर काढतात, दिवा आहे, शेजार चांगला आहे. जूनबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही काढलं. नव्या माणसाला पहिल्याच भेटीत काय काय सांगणार?

रोपांनी मूळ धरायला दोन वर्षं घेतली. ती दोन वर्षं गाड्या वळणावर नीट वळल्या, किंवा दुसरीकडे उलटल्या. तिसऱ्या वर्षी पिओनी अशी फुलली की चर्चमधून येणारी माणसं थांबून बघायची. त्या शनिवारी सकाळी दुसऱ्याच फेरीत ब्रायस लुंड नावाचा दहा वर्षांचा पोरगा, ज्याच्या गाडीचा ब्रेक त्याच्या थोरल्या भावाने लावला होता, वळला नाही. सरळ आला. कुंपण मोडून, पिओनीच्या मधोमध रस्ता पाडत ओट्याच्या पायरीला येऊन टेकला. अंगावर पाकळ्या, तोंडात माती.

व्हर्लिन ओट्यावर कॉफी पीत बसला होता. तो म्हणाला, "ये, बस. साखर घेतोस?"

आर्डिसबाई आतून आल्या. त्यांनी पोराला उचललं, उलटसुलट करून तपासलं, हातपाय शाबूत आहेत बघितलं आणि मग त्याचा कान धरला. "कुणाचा रे तू?"

"लुंडांचा."

"लुंडांच्या घरी वळायला शिकवत नाहीत?"

"शिकवतात. पण ब्रेक..."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात गेल्या, खुर्ची उचलली, रस्त्याच्या बरोब्बर मध्ये, वळणाच्या तोंडाशी ठेवली आणि तिच्यावर बसल्या. ॲप्रन तसाच. हाताची घडी. वर चर्चपाशी दोन गाड्या सुटायच्या तयारीत, दोन्ही बाजूंना सगळं गाव, आणि मध्ये ही बाई.

शर्यतीचा झेंडा तेव्हा गेलॉर्ड टुफ्टीच्या हातात असायचा. गावचा न्हावी. उंच, सडपातळ, कुणाशी भांडण करणं त्याला परवडायचं नाही, कारण सगळ्या गावाची मान महिन्यातून एकदा त्याच्या वस्तऱ्याखाली यायची आणि तेवढ्यावरच त्याचं पोट होतं. तो झेंडा काखेत मारून खाली आला.

"मिसेस नीगार्ड, तुम्ही रस्त्यात बसलाय."

"मला माहीत आहे मी कुठे बसलेय."

"शर्यत चालू आहे हो."

"होती."

लोक हसले. गेलॉर्डने डोकं खाजवलं. "हे बघा, चाळीस वर्षं हे असंच चालत आलंय..."

"आणि चाळीस वर्षं पोरं इथेच येऊन आपटतात? मग तुम्ही चाळीस वर्षं करता काय, झेंडा हलवता?"

"तुमच्या आधी इथे नुसतं गवत होतं. गवताला काही व्हायचं नाही."

"आणि पोरांना?"

आता मात्र कुणी हसलं नाही. ब्रायस लुंडची आई पुढे येऊन त्याच्या तोंडातली माती काढत होती. गेलॉर्डने जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं, गवताचे गठ्ठे आणून लावतो तुमच्या फुलांपुढे. मग तर उठाल?"

आर्डिसबाई उठल्या. अर्ध्या तासात कुणीतरी ट्रकमधून गठ्ठे आणले आणि उतरवायला लागले, तेव्हा त्यांनी एकात हात घातला, मूठभर बाहेर काढून नाकाशी धरलं. "हे वाळलं गवत आहे. गाईंचं खाणं आहे हे! आणि दगडासारखं बांधलंय. पेंढा नाही का गावात कुणाकडे? पेंढा आणा. आणि तो ढीग असा नको. बाजूला व्हा बघू."

त्या दिवशी शर्यत दुपारी सुरू झाली. गठ्ठे आर्डिसबाईंनी लावले. पुढच्या वर्षी कुणी विचारलंही नाही, ट्रक आपला सरळ त्यांच्या दारात आला.

असं ते वळण त्यांच्याकडे आलं. त्यांची पद्धत होती. पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या दोन रांगा, मध्ये माणूस आडवा जाईल एवढी मोकळी जागा, आणि काही झालं तरी गठ्ठा कशालाही बांधायचा नाही. गाडी शिरली की गठ्ठ्याने मागे सरकलं पाहिजे, गाईने शेजारणीला जागा द्यावी तसं. पद्धत पहिल्या दिवसापासून नव्हती. पहिल्या काही वर्षांत एका पोराचा दात त्यांच्या गठ्ठ्यांनीच पाडला होता आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. त्या पोराच्या आईला त्यांनी तीन वेळा सॉरी म्हटलं. शेवटी ती आईच म्हणाली, "अहो, दुधाचा होता तो."

गठ्ठ्यांत शिरलेल्या प्रत्येक पोराला त्या ओट्यावर बसवायच्या. आधी खरचटलेलं धुवायचं, मग बोलणी, मग रूबार्बच्या वड्या. रूबार्बचे आंबट लाल देठ साखरेत शिजवून वर लोण्याचा चुरा घातलेल्या त्या वड्या आमच्याकडे प्रत्येक घरात होतात, पण आर्डिसबाईंच्या वेगळ्या, कारण त्या लोण्याच्या बाबतीत हात आखडत नसत. बोलणी मात्र सगळ्यांना सारखी नसायची. भित्र्या पोराला म्हणायच्या, "डोळे मिटलेस ना? बघितलं मी. डोळे उघडे ठेवून आपटावं, म्हणजे पुढच्या वेळी कुठे आपटायचं नाही ते कळतं." आगाऊ पोराला म्हणायच्या, "तू वळायच्या आधी गर्दीकडे बघत होतास. गर्दी वळणार नव्हती, तू वळणार होतास."

पुढे पुढे गेलॉर्डच्या लक्षात आलं की पहिल्या फेरीत फार पोरं गठ्ठ्यांत जायला लागली आहेत. चांगली, हुशार, दोरी घट्ट धरणारी पोरंसुद्धा. तो रविवारी चर्चनंतर येऊन म्हणाला, "आर्डिस, तुझ्या वड्या माझी शर्यत बुडवणार."

"म्हणजे?"

"त्या सॉलेमच्या पोराला मी विचारलं, वळला का नाहीस? तर म्हणतो, पुढच्या फेरीत थोरल्यांशी गाठ होती. हरलो असतो तर काहीच नाही. इथे आपटलो तर वडी तरी मिळाली."

व्हर्लिन इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या वर्षापासून वड्यांचं ताट गिरणीपाशी, शर्यत संपते तिथे, जायला लागलं आणि ओट्यावर फक्त आयोडीन आणि बोलणी उरली. तरी पोरं यायचीच. "मी मिसेस नीगार्डांच्या फुलांत गेलोय," हे आमच्या शाळेत छाती काढून सांगायची गोष्ट होती. मुली शर्यतीत यायला लागल्या तेव्हा त्यांनीही आधी तेच सांगितलं.

व्हर्लिन ओट्यावर जुनी गाईची घंटा घेऊन बसायचा. गाडी नीट वळून गेली की वाजवायचा. आर्डिसबाई गठ्ठ्यांमागे उभ्या, तो ओट्यावर. दिवसभर दोघांचं एकमेकांशी बोलणं एवढंच: "हा येतोय बघ तुझ्याकडे!" "दिसतंय मला, तू घंटा वाजव." चाळीसच्या वर वर्षांचा संसार होता त्यांचा आणि मला वाटतं त्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस दर वर्षी तो शनिवार असावा. मूलबाळ म्हणाल तर एक मुलगी, ती लग्न होऊन दूर गेलेली. बाकी ती सगळी आपटणारी पोरं.

बऱ्याच वर्षांनी एका एप्रिलमध्ये व्हर्लिन गेला. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता तेव्हा. सकाळी उठला, बूट घालायला बसला आणि तसाच राहिला. चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमचे पाव आणि जेलीची सॅलडं मांडली, सगळं गाव आलं. ब्रायस लुंड तेव्हा दूधसंघाचा टँकर चालवायचा, तो टँकर रस्त्यात उभा करून आला. आर्डिसबाई सगळ्यांशी नीट बोलल्या. रडल्या नाहीत. नंतर मात्र त्यांनी दार लावून घेतलं.

मे गेला. पिओनीभोवतीचं तण कुणी काढलं नाही. मी सूप घेऊन जायची, त्या दारातूनच घ्यायच्या. "आत या म्हटलं असतं, पण पसारा आहे," म्हणायच्या. त्यांच्या घरात पसारा मी कधी पाहिला नव्हता.

दूधमेळ्याच्या आदल्या दिवशी गेलॉर्ड आला. आता तो थकला होता. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. त्याने दार वाजवलं, आर्डिसबाई बाहेर आल्या.

"आर्डिस, पेंढा आलाय. ट्रक कधी पाठवू?"

"पाठवू नकोस."

"मग गठ्ठे?"

"गावात हात कमी आहेत का? लावा कुणीही. माझ्याने ओट्याकडे बघवत नाही गेलॉर्ड, तिथे पाठ करून उभी कशी राहू?"

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि गेला.

गठ्ठे अग्निशमन दलाच्या पोरांनी लावले. चांगली पोरं, मनापासून कामाला भिडली. गठ्ठे हलू नयेत, नीटनेटके दिसावेत म्हणून त्यांनी ते एकाला एक चिकटवून दोरखंडाने कुंपणाच्या खांबांना आवळून बांधले. भिंतीसारखे. त्या वर्षी टेस पिलार्स्की पहिल्यांदाच शर्यतीत होती. अकरा वर्षांची, काटकुळी, केस पोरासारखे कापलेले. तिची आई कॉनी मिलवॉकीहून चीजच्या कारखान्यात नोकरीला आली होती; दोघीच राहायच्या. टेस दोन फेऱ्या जिंकली. तिसऱ्या फेरीत वळणाच्या अलीकडे तिची दोरी तुटली आणि ती त्या भिंतीवर गेली. गाडी जागच्या जागी थांबली. टेस नाही थांबली.

गळपट्टीचं हाड मोडलं आणि मनगट. डॉक्टर म्हणाले, सांधेल. पण तिला गाडीत घालून नेताना कॉनी जी ओरडली, ते अजून माझ्या कानात आहे. आर्डिसबाईंनी आवाज ऐकला. दार उघडून त्या बाहेर आल्या, व्हर्लिन गेल्यापासून पहिल्यांदाच ओटा ओलांडला. त्या गठ्ठ्यांपाशी गेल्या आणि खांबाला आवळलेल्या दोरखंडाला हात लावून उभ्या राहिल्या. त्या पोरांपैकी एकाला रडू फुटलं. त्याच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

हिवाळ्याच्या तोंडावर शाळेच्या हॉलमध्ये गावसभा झाली. कॉनीने अर्ज केला होता, शर्यत बंद करा. ती उभी राहिली आणि थेट सगळ्यांकडे बघून बोलली.

"तुम्ही सगळे म्हणता, आम्हीपण लहानपणी पडलो, काही झालं नाही. ज्यांना काही झालं नाही तेच हे सांगायला उरतात. माझी एकच पोरगी आहे. आणि मी इथली नाही, मला तुमची ही परंपरा वगैरे माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या दिवशी हजार माणसं बघत होती आणि एकालाही तिला धरता आलं नाही."

मागच्या बाजूला खुर्ची सरकली. आर्डिसबाई उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, आता या शर्यतीची बाजू घेतील. गेलॉर्ड तर ताठ होऊन बसला.

"ती बरोबर बोलतेय," आर्डिसबाई म्हणाल्या. "धरायचं काम माझं होतं. मी घरात बसले होते. पोरांना बोल लावू नका, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं." आणि कॉनीकडे वळून म्हणाल्या, "तू बंद कर म्हणालीस तर माझा हात वर असेल."

आणि खाली बसल्या. सभेने निर्णय मे महिन्यावर ढकलला. आमच्याकडे अवघड गोष्टी बर्फाखाली ठेवायची पद्धतच आहे.

त्या हिवाळ्यात आर्डिसबाई दर गुरुवारी कॉनीच्या घरी भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचं पातेलं घेऊन जायच्या. पहिल्यांदा कॉनीने दार उघडलं नाही. पातेलं पायरीवर ठेवून त्या परत आल्या. दुसऱ्यांदा टेसने उघडलं. हात गळ्यात अडकवलेला; मनगट वाकडं सांधलं म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती.

"मिसेस नीगार्ड, आई म्हणते आम्हाला दया नको."

"दया नाहीये, बटाटे आहेत. धर. पहिलं पातेलं कुठंय?"

"धुऊन ठेवलंय."

"रिकामं झालं ना? मग बास."

तिसऱ्यांदा कॉनी स्वतः दारात आली. म्हणाली, "मीठ कमी असतं यात." आर्डिसबाई म्हणाल्या, "मग आत घे आणि मीठ दे." त्या दिवशी त्या आत बसल्या. काय बोलल्या, मला ठाऊक नाही. मला एवढं दिसलं की नाताळच्या आधी आर्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या लेफ्सा, म्हणजे पातळ पोळ्या, लाटायला तिघी होत्या आणि कॉनीच्या लेफ्सा नकाशासारख्या होत होत्या. "ही कुठली गं? मिशिगन का?" आर्डिसबाई विचारत होत्या, आणि कॉनी हसत होती. कॉनीला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मार्चमध्ये टेसचा हात मोकळा झाला आणि तिने पहिलं काम काय केलं असेल, तर आर्डिसबाईंच्या गॅरेजमध्ये पडलेली आपली मोडकी गाडी ठोकायला घेतली. आर्डिसबाईंनी तिला अडवलं नाही आणि लपवलंही नाही. कॉनीला फोन करून सांगितलं, "तुझी पोरगी माझ्याकडे गाडी दुरुस्त करतेय. ओरडायचं असेल तर ये, कॉफी ठेवते."

कॉनी आली. ओरडली. मला समोरून सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही सभेत काय म्हणालात? हात वर करीन म्हणालात!"

"अजूनही म्हणते."

"मग ही गाडी?"

"ती तिची आहे. तिला नको म्हणायचं तर तू म्हण. पण कॉनी, एक विचारू? तू कधी बसलीयेस यात?"

"मी? मी का बसू?"

"ज्याला नाही म्हणायचं, ते काय आहे ते कळलेलं बरं."

कॉनी रागाने निघून गेली. पण मेच्या सभेच्या आधीच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, ती परत आली. जीन्स घालून. "कुठंय ती गाडी?" म्हणाली, जणू कुणाशी मारामारी करायची आहे.

आर्डिसबाईंनी गेलॉर्डला निरोप धाडला, ब्रायस लुंडला पेंढा आणायला सांगितलं. गठ्ठे त्यांनी स्वतः लावले. सत्तरी उलटलेली बाई, गुडघ्याने गठ्ठा ढकलत, मध्येच कमरेवर हात ठेवून श्वास घेत. कुणी मदतीला पुढे झालं की म्हणायच्या, "तू बघ फक्त. आज बघ, पुढच्या वर्षी लाव." त्या अग्निशमन दलाच्या पोरांना मुद्दाम बोलावलं होतं त्यांनी. सगळं झालं तेव्हा त्या चढ चढून वर गेल्या. कॉनी गाडीत बसली होती, गुडघे हनुवटीला लागलेले, हेल्मेट टेसचं. चेहरा पांढराफटक.

"वळू कशी?" तिने विचारलं.

"वळू नकोस," आर्डिसबाई म्हणाल्या. "वळणं टेसला येतं. तू सरळ ये. माझ्याकडे. ब्रेक दाबू नकोस, दोरी ओढू नकोस. मी गठ्ठ्यांमागे उभी असेन."

"तुम्ही वेड्या आहात."

"असेन. येतेस का?"

कॉनीने हेल्मेटचा पट्टा आवळला. आर्डिसबाई खाली गेल्या, दोन्ही रांगांच्या मागे उभ्या राहिल्या आणि हात वर केला. गेलॉर्डने झेंडा खाली आणला आणि टेसने मागून आपल्या आईला ढकललं.

आधी वाटलं, फार हळू चाललीय. मग शाळेपासून चाकांचा आवाज बदलला. आमच्या गावातल्या प्रत्येकाला तो आवाज पाठ आहे. कॉनीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसता एक लांब सूर निघत होता. वळणाशी तिचे हात दोरीवर आवळलेले मला दिसले. तिने ती ओढली असती तर गाडी आडवी झाली असती. तिने ओढली नाही. आर्डिसबाईंकडे बघत ती सरळ आली. पहिला गठ्ठा मागे सरकला, दुसरा सरकला, त्याच्या मागची रांग दबली, आणि गाडी एखादं म्हातारं जनावर बसावं तशी पेंढ्यात बसली.

धूळ उडाली. बराच वेळ काही दिसेना. मग आर्डिसबाईंचा आवाज आला, "हात हलतात का? पाय? मान फिरव बघू."

कॉनी पेंढ्यात बसून हुंदके देत होती आणि हसतही होती. आर्डिसबाईंनी वाकून तिच्या केसांतल्या काड्या काढल्या. टेस धापा टाकत खाली पोचली आणि सगळ्यात आधी गाडीची चाकं तपासली, मग आईला विचारलं, "लागलं का गं?"

"चाकं बघून झाली का तुझी?" कॉनी म्हणाली, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आर्डिसबाई बाजूला झाल्या आणि ओट्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. त्या तिथे बसून रडल्या. व्हर्लिन गेल्यानंतर मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच. मी रस्ता ओलांडून गेले, शेजारी बसले. म्हणाल्या, "कुणीतरी आलं गं सरळ माझ्याकडे."

सभेत कॉनीने अर्ज मागे घेतला, पण फुकट नाही. मान झाकणारी हेल्मेटं पाहिजेत, दोऱ्या आणि ब्रेक आदल्या दिवशी मोठ्या माणसाने तपासले पाहिजेत, आणि गठ्ठे आर्डिसबाईंच्या पद्धतीनेच लागले पाहिजेत. सगळ्यांनी हात वर केले. गेलॉर्ड नंतर दुकानात म्हणाला, "चाळीस वर्षं आधी एक बाई रस्त्यात खुर्ची टाकून बसली तेव्हाच हे सगळं कुणीतरी करायला हवं होतं. पण आम्ही काय, झेंडा हलवत होतो."

"चाळीस नाही झाली रे," आर्डिसबाई म्हणाल्या. "तू सगळ्यालाच चाळीस म्हणतोस."

त्या जूनमध्ये टेस पहिल्याच फेरीत हरली. चाकाचा एक खिळा सैल राहिला होता, गाडी गिरणीच्या अलीकडे रेंगाळली. ती संतापाने लाल झाली होती. कॉनी मात्र रस्त्याच्या कडेला अशी ओरडत होती की पंचायतीचे अध्यक्ष दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले. आर्डिसबाईंनी तिला वळणावर आपल्या शेजारी उभं केलं होतं. दिवसभरात तीन पोरं गठ्ठ्यांत शिरली. तिसऱ्याला कॉनीनेच उचललं, उलटसुलट तपासलं आणि म्हणाली, "डोळे मिटलेस ना?" तो सॉलेमच्या पोराचा पोरगा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी वळणावरची," ती म्हणाली.

त्यानंतर दोनच वर्षांनी आर्डिसबाईंची मुलगी त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेली. तिकडे बर्फ नाही, घसरून पडायची भीती नाही, वयस्कर माणसांसाठी सगळी सोय आहे. आम्ही निरोप दिला, चर्चमध्ये कॉफी झाली, घराला कुलूप लागलं. मला वाटलं, आता काही त्या परत येत नाहीत.

मेमध्ये एका सकाळी बघते तर समोरच्या खिडक्या उघड्या. मी तशीच चप्पल सरकवून पलीकडे गेले. आर्डिसबाई स्वयंपाकघरात उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्याने कपबशा पुसत होत्या.

"काय हो, राहिला नाहीत?"

"राहिले की सहा महिने. मुलगी चांगलं बघते, जावई चांगला आहे. पण अगं, डोंगर सगळे लांब क्षितिजाला. गावात बघशील तर रस्ते सगळे सपाट. एका टोकाला चेंडू ठेव, तिथेच राहील." त्यांनी पुसलेली बशी फळीवर ठेवली आणि दुसरी घेतली. "तिथली पोरं दिवसभर करतात तरी काय, मला काही कळलं नाही बाई."